सालईटोल्याचा विस्तव

देवकी दारात उभी राहिली तेव्हा गोपाळराव मास्तर आनंदराव गजभियांच्या खोलीत चहाची कपबशी पुढ्यात घेऊन नुसते बसले होते. चहावर साय धरली होती. बाहेर पौषातली नागपुरी थंडी होती. सूर्य होता, पण नसल्यासारखा.

मास्तरांचं दुःख खरं होतं. देवराव भोयर त्यांचा विद्यार्थी. पारशिवनीकडच्या सालईटोल्याचं पोर शिकायला नागपुरात आलं, आणि मागं सगळं गाव पेंचेवरच्या धरणात गेलं. मास्तरांनीच त्याला स्कॉटलंडच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक वाचायला दिलं होतं. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगरदऱ्यांतली कुळं जहागीरदारांनी मेंढरं चारण्यासाठी कशी हाकलली, त्यांच्या कारभाऱ्यांनी घरांची छपरं कशी पेटवली, माणसं जहाजांत कोंबून समुद्रापार कशी धाडली, ते सगळं त्यात होतं. देवरावनं पुस्तक परत केलं तेव्हा नाटकाचा पहिला अंक लिहून झाला होता. ‘मेंढरांसाठी’ हे त्याचं नाव. नाटक यंदा राज्य स्पर्धेला जायचं होतं.

आणि परवा सकाळी देवराव तालमीच्या हॉलला लागून असलेल्या कपडेपटाच्या खोलीत, जिथं तो रात्री झोपायचा, मेलेला सापडला.

“बसा, बाई,” आनंदराव म्हणाले.

देवकी बसली नाही. ती देवरावची आतेबहीण, हुडकेश्वरला राहणारी. डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर होता.

“भाऊ, माह्या मायले घरी आना. ठाण्यात तिले कोनी नेलं नाही, आपल्या पायानं गेली. जमानत देऊन राहिले तं घेत नाही. पोरगं माह्याच हातानं मेलं म्हनते. उद्या कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल करतो म्हनते.”

“तुमाले काय वाटते?”

“मले काय वाटाचं? माय म्हनते शेगडी तिची, विस्तव तिचा. पन तिनं शेगडी बाहेर ठेवली का आत, हे तिलेच आठवून नाही राहिलं. मले फक्त खरं काय ते सांगा. तिच्या हातानं झालं असन, तं तसं सांगा. नसन, तं तिले सांगा.”

एवढं बोलून ती उठून चालू लागली. दारात थांबून म्हणाली, “जातो मी. घरी विस्तव एकटा हाय.”

तिचं हे शेवटचं वाक्य कोणाला वेडगळ वाटलं असतं. मास्तरांना वाटलं नाही. सालईटोल्यात पाणी शिरलं त्या दिवशी रंभाबाईनं, म्हणजे देवकीच्या आईनं, भांडी सोडली, पाटावरवंटा सोडला, पण चुलीतला विस्तव मडक्यात घालून आणला. तोच विस्तव हुडकेश्वरच्या घरात अजून जिवंत होता. रात्री राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकून जागा करायचा. स्कॉटलंडच्या त्या दऱ्यांमधल्या बायकाही हेच करत. पुस्तकातलं ते पान वाचून देवराव मास्तरांपुढे ढसाढसा रडला होता. मग त्यानं ठरवलं, की नाटकातली चूल खोटी नको. रंभाबाई घरचे निखारे मडक्यात घालून सिटी बसनं तालमीला आणू लागली. तिकडे वाळलेल्या चिखलाच्या विटा जाळतात, इथं त्यांच्या जागी गोवऱ्या आल्या. आणि नाटकातली म्हातारी कोण करणार, हा प्रश्न आपसूकच मिटला.

“चला, मास्तर,” आनंदरावांनी मफलर गुंडाळला. “आज तुमी कोनावर संशय घेनार?”

आनंदराव आधी अग्निशमन दलात होते. मग विमा कंपन्यांसाठी जळिताच्या चौकशा करू लागले, आणि पुढे कोणासाठीही. बोलायला रोखठोक, हसायला कंजूष माणूस. मास्तर त्यांच्याबरोबर हिंडत आणि न चुकता भलत्याच माणसावर संशय घेत. आनंदराव त्याचाही उपयोग करून घेत. मास्तरांनी ज्याला देवमाणूस ठरवलं, त्याच्याकडे ते पुन्हा एकदा नीट पाहत.

---

ठाण्यात रंभाबाई भिंतीला टेकून बसली होती. लुगड्याला अजून धुराचा वास होता. तो वास तिच्यासोबतच कोठडीत आला होता.

“आत्याबाई, शेगडी कुठं ठेवली होती?” आनंदराव तिच्यासमोर उकिडवे बसले.

“ओट्यावर. रोज ओट्यावरच ठेवतो.” ती थांबली. “असं वाटते. पन मंग आत कशी गेली, बापा? पोराले ताप होता. थंडीनं कुडकुडत होता. मीच माया येऊन ठेवली असन. आता वय झालं, आठवत नाही.”

“झाकला होता विस्तव?”

“झाकल्याबिगर कधी उठली नाही मी.”

“कसा झाकता? दाखवा.”

तिनं फरशीवर हात फिरवला. “अंगार मधात घ्याचा. वरून राख, एकच ढिगारा. अन् मंग असा पंजा दाबाचा. पाची बोटं उमटली पायजे. सासूनं शिकवलं. म्हने, बोटं उमटली तं विस्तवाले वाटते घरचं मानूस जवळ हाय.”

तिचा पंजा फरशीवर तसाच राहिला. मास्तरांनी मान वळवली.

“त्या दिवशी कोनी तुमच्याकडून विस्तव नेला?”

“नाटकातले सगळेच नेतात. विस्तव मांगनाऱ्याले नाही म्हनू नये, भाऊ. आमच्या गावात वैरी आला तरी देल्ला जाये. नत्थूनं विडीले नेला. प्रेमलतानं इस्त्रीले मांगला. भैयाजीनं नटराजापुढं धूप घालाले नेला, तालीम सुटली तवा. माही पोरगीवानी ते प्रेमलता, तिले चिमट्यानं नाही उचलता येत, मीच टाकून देल्ला.”

मग तीच हळू आवाजात म्हणाली, “गाव उठलं त्या दिवशी देवरावची माय घरात जळली. सारे म्हनले, चुलीतली ठिनगी उडाली. कोन्या साहेबानं तिच्याकडून विडीले विस्तव नेला होता, असं गुराखी म्हने. पन गुराख्याचं कोन आयकते? हे मी देवरावले एवढ्यातच सांगलं. अन् आता पोरगंबी गेलं. मास्तर, तुमी शिकेल हा. आमच्याच विस्तवाचा आमच्यावर राग हाय का गा?”

मास्तर तिच्यासमोर फरशीवर बसले.

---

तालमीचा हॉल इतवारीतल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या आवारात होता. एका अंगाला ओटा, मागं नळ, आणि आत स्टेजच्या बाजूला कपडेपटाची ती खोली. दिवाळीत चुना मारलेला, भिंती अजून पांढऱ्याफेक. एक दार, वर एक झरोका. दोरीवर उमरेडच्या कोष्ट्यानं विणून दिलेलं चौकटीचौकटीचं कापड टांगलेलं होतं. पुरुषांनी कमरेला गुंडाळायचे ते घोळदार घागरे. कोष्टी म्हणाला होता, जन्मात पहिल्यांदा गड्यांसाठी घागरे विणले.

देवराव जिथं झोपला होता ती सतरंजी अजून तिथंच होती. उशाशी मातीची शेगडी. पोलिसांनी तिला हात लावला नव्हता. त्यांच्या लेखी कोडं सुटलेलं होतं. बंद खोलीत म्हातारीनं धुमसती शेगडी ठेवली, वायू साचला, पोरगा झोपेत गेला. डॉक्टरही शेगडीच्या वायूनंच मेला म्हणाले.

मास्तर वाकले. राख अजून जशीच्या तशी होती. काठानं गोल सारखी केलेली आणि बोटानं रेघा ओढून तिचे तीन वाटे पाडलेले. हे तीन वाटे त्यांनीच पुस्तकातून काढून देवरावला दिले होते. तिकडच्या बायका देवाच्या तीन रूपांची नावं घेत राखेचे तीन वाटे करून विस्तव झाकत. पहिल्या अंकाच्या शेवटी रंभाबाई स्टेजवर अगदी तसंच करायची आणि सगळा हॉल गप्प व्हायचा.

“हात तिचाच,” मास्तर पुटपुटले.

आनंदराव भिंतीला नाक लावून हुंगत होते. मग टांगलेला एकेक घागरा हुंगला. दोन घागरे जास्तच चुरगाळलेले होते. त्यांच्या घड्यांत पांढरा चुना लागला होता. कोपऱ्यात इस्त्रीच्या लाकडी कोळशाचं पोतं पडलं होतं. आनंदरावांनी ते उलटं केलं. तळाची भुकटी तेवढी पडली.

प्रेमलता आली. नाटकात नात करणारी, शिवाय कपडेपट सांभाळणारी, तोंडानं फटकळ. म्हातारीची भूमिका आधी तिला हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

“हो, भांडली मी देवरावशी,” ती म्हणाली. “केस पिकवायला पावडर आणली होती मी. आणि हा आपल्या आत्याला उभी करतो! मग तिनं एकदा राख झाकून दाखवली. त्यानंतर मी एक शब्द बोलले नाही.”

“परवाच्या आदल्या दिवशी इस्त्री केली?”

“कुठली करता! विस्तव घेतला, पण देवराव म्हणाला, कापडात कांजी फार आहे, आधी धुऊन काढू. मी इस्त्रीतला विस्तव नळाखाली विझवला.”

“कोळसा किती होता?”

“अर्धं पोतं तरी. का?”

“निघाली केव्हा?”

“रंभाबाईसोबत. रोज तिच्यासोबतच जाते. ती झाकत बसते आणि माझी बस चुकते. सकाळी मीच पहिली आत शिरले. तो झोपलेला वाटला. गाल गुलाबी होते हो त्याचे. मी म्हटलं, ताप उतरला.” तिनं पदर तोंडाला लावला.

“खोलीत धूर होता?”

“नाही.”

नत्थू कामठीच्या फौजी बँडातून निवृत्त झालेला. त्याची मशकबीन, म्हणजे चामड्याच्या पिशवीची पिपाणी, हेच नाटकाचं संगीत. तो आवारात पिंपळाखाली ती बगलेत धरून बसला होता, वाजवत नव्हता.

“देवरावनं माही धून कापली, साहेब. शेवटी मशकबीन नको म्हने, शांतता पायजे. मी लई बोललो त्याले. दारूबी प्यालो होतो. आता वाटते, जीभ झडून काहून नाही गेली.”

“सकाळी कधी आला?”

“मुंह अंधेरे, उजाडाच्या आधीच. हवा थंडी असली की मशकीचं चामडं ताठते, तिले आधी गरम करा लागते. शेगडी ओट्यावर असन म्हनून आलो. रोज शेवटची विडीबी तिच्यापाशीच पेटवतो, रंभाबाई झाकाच्या आधी. तं शेगडी ओट्यावर नव्हती.”

“अजून काही दिसलं?”

नत्थूनं डोकं खाजवलं. “नळाखाली घमेलं पडलं होतं. इस्त्रीचा कोळसा ज्याच्यात पेटवतात ते. घासून चकाचक. म्हटलं, ह्या हॉलात कोन भांडे घासते बाप्पा!”

मास्तरांनी आनंदरावांच्या कानाला लागून सांगितलं की नत्थूच. दारू, भांडण, आणि पहाटे हजर. आनंदरावांनी मान हलवली, म्हणजे नाही.

तेवढ्यात भैयाजी कळमकर आले. मंडळाचे अध्यक्ष, सरकारी नोकरीतून निवृत्त, अंगावर शाल, बोलणं लोण्यासारखं मऊ. नाटकात जहागीरदाराचा कारभारी तेच करत.

“गजभिये साहेब, म्हातारीसाठी वकील मी दिला आहे,” ते म्हणाले. “ती घेत नाही, तो भाग वेगळा. अडाणी जीव. मी दोन-तीन वर्षं पारशिवनीकडे पुनर्वसनाच्या कामावर होतो. हे लोक ओळखतो. मनानं निर्मळ, पण निष्काळजी. आगीशी खेळतात.”

“तुमी त्या दिवशी कधी निघाले?”

“तालीम संपली की मी थांबतच नाही. त्या गोवऱ्यांचा धूर मला सोसत नाही. विडी सोडली तेव्हापासून धूर म्हटला की जीव घाबरा होतो. मी तर तालमीतही मागच्या रांगेत बसतो.”

“नाटक कसं चाललं होतं?”

“उत्तम. शेवटचा प्रवेश मात्र देवरावनं आठवड्यापूर्वीच बदलला. कारभारी येतो, म्हातारीजवळ गोड बोलून चिलमीसाठी विस्तव मागतो, आणि त्याच विस्तवानं तिचं छप्पर पेटवतो. मास्तरांनाही तो पटला नव्हता.”

हे खरं होतं. मास्तरांनी देवरावला म्हटलं होतं, कारभारी मशाली घेऊन येत, विस्तव मागितल्याचं कुठल्याच पुस्तकात नाही. देवराव म्हणाला होता, “पुस्तकात नाही, मास्तर. सालईटोल्यात आहे.” मास्तरांना तेव्हा वाटलं, लेखकाची लहर. नंतर वाटेत त्यांनी हे आनंदरावांना सांगितलं.

“भैयाजींचं पाठांतर म्हणजे खडकावरची रेघ,” मागून प्रेमलता म्हणाली. “पण तो प्रवेश वाचताना तेसुद्धा अडखळले. देवराव पुन्हा पुन्हा त्यांच्याकडूनच वाचून घेत होता.”

“नवं होतं,” भैयाजी हसले.

निघताना आनंदराव स्टेजच्या कोपऱ्यातल्या नटराजापाशी थांबले. समोर पितळेचं धुपाटणं होतं. त्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं, चांगलं जुनं आणि धुळीनं भरलेलं. आनंदरावांनी त्यावर फुंकर घातली.

“मास्तर, भैयाजीबद्दल तुमचं मत?”

“देवमाणूस,” मास्तर म्हणाले. “वकील दिला हो त्यानं!”

“बरं झालं सांगलं,” आनंदराव म्हणाले.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोर्ट उघडायच्या आधी, आनंदरावांनी सगळ्यांना हॉलवर बोलावलं. फौजदार कपाळाला आठ्या घालून आले होते. रंभाबाईला त्यांनी सोबत आणली होती. ती दाराशी खाली बसली. देवकीनं घरून निखारे आणले होते. स्टेजवर आनंदरावांनी मातीच्या तीन नव्या शेगड्या मांडल्या, मधे तेच चौकटीचं कापड पडद्यासारखं टांगलं, म्हणजे एकाचं दुसऱ्याला दिसू नये.

“एकच काम करा,” ते म्हणाले. “तालीम सुटल्यावर रंभाबाई विस्तव झाकते, तसा झाकून दाखवा.”

“हा काय पोरखेळ?” भैयाजी म्हणाले, पण बसले.

थोड्या वेळानं आनंदरावांनी कापड ओढून काढलं.

प्रेमलताच्या शेगडीत राखेचा एक ढिगारा होता आणि त्यावर तिचा नाजूक पंजा. नत्थूच्या शेगडीत एक ढिगारा, त्यावर जाडजूड पंजा, एक बोट अर्धं तुटलेलं. भैयाजींच्या शेगडीत राख गोल सारखी केलेली होती, आणि तिचे सुरेख तीन वाटे.

मास्तरांना आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं.

“फौजदार साहेब,” आनंदराव म्हणाले, “तीन वाटे नाटकातले. मास्तरांच्या पुस्तकातले. रंभाबाई ते फक्त स्टेजवर करते, देवरावनं सांगलं म्हनून. तालीम सुटली की ती आपल्या सासूच्या पद्धतीनं झाकते. पंजानं. प्रेमलता बस चुकवत रोज ते पाहते. नत्थू रोज शेजारी विडी ओढत बसते. पाह्यलं नाही ते एकाच मानसानं, जो तालीम संपली की धुराच्या भीतीनं निघून जाते. अन् देवरावच्या उशाशी सापडलेल्या शेगडीत तीन वाटे हायेत. म्हनजे तो विस्तव रंभाबाईनं नाही झाकला.”

दाराशी रंभाबाईनं मान वर केली.

“पण मेला तर तो शेगडीनंच,” फौजदार म्हणाले.

“शेगडीनं नाही. घमेल्यानं. गोवरी धुपली असती तं एवढ्याशा खोलीत डोळे फुटते. मानूस खोकत बाहेर आला असता. भिंती पांढऱ्या हायेत, कपड्यांना धुराचा वास नाही. ह्या बाईच्या लुगड्याचा वास मात्र दोन दिवसांनीबी जात नाही. ज्यानं देवराव मेला त्या आगीले धूर नव्हता. लाकडी कोळसा पेटून लाल झाला की त्याले धूर नसते. झोपलेला मानूस झोपेतच जाते. त्या दिवशी इस्त्री झाली नाही, तरी अर्धं पोतं कोळसा संपला. घमेलं घासून नळाखाली पडलं होतं.”

त्यांनी ते दोन चुरगाळलेले घागरे फौजदारांपुढे धरले. “हे झरोक्यात कोंबले होते. झरोक्याच्या काठाचा चुना बघा. मंग काढून परत टांगले.”

भैयाजींनी शाल सारखी केली. “हे कोणीही करू शकतं.”

“कोळसा काडीनं लवकर पेटत नाही, भैयाजी. विस्तव लागते. त्या दिवशी तिघांनी विस्तव नेला. नत्थूचा विडीएवढा. प्रेमलताचा नळाखाली विझला. तुमी नेला धूप घालाले. ज्याले धूर सोसत नाही तो धूप कसा घालते? अन् घातला तं धुपाटण्यात कोळ्याचं जाळं कसं राहते?”

भैयाजींनी धुपाटण्याकडे पाहिलं.

“तुमी गेलेच नाही. सगळे गेल्यावर घमेलं पेटवून तापलेल्या पोराजवळ नेलं. थंडी वाजते, शेक घे म्हनलं असन. तो तुमच्यावर संशय घेऊन होता, तरी त्यानं शेक घेतला, काहून का त्याले ताप होता. नत्थूच्या आधी, अंधारातच येऊन घमेलं उचललं, अन् त्याच्या जागी ओट्यावरची शेगडी ठेवली, म्हनजे दोष म्हातारीवर. उचलताना राख विस्कटली. पंजाचा ठसा मोडला. तो ठसा आहे हेच तुमाले माहीत नव्हतं. तुमी तुमाले माहीत असलेलं झाकण घातलं.”

“पण कशासाठी?” मास्तर कळवळून ओरडले. “त्यानं काय बिघडवलं होतं यांचं?”

“त्यानं नवा प्रवेश लिहिला, मास्तर. पुस्तकात नसलेला. तुमीच मले सांगलं, तो कुठला आहे ते. सालईटोल्यात घरं खाली होत नव्हती. कोन्या साहेबानं देवरावच्या मायकडून विडीले विस्तव नेला, अन् एक घर पेटवलं, बाकीचे घाबरून उठावे म्हनून. देवरावले साहेबाचं नाव माहीत नव्हतं. पारशिवनीकडं कोन कामाले होतं, हे त्यानं हुडकलं. मंग त्यानं ह्यायले ते वाचाले लावलं. पुन्हा पुन्हा.”

भैयाजी त्या तीन वाट्यांकडे पाहत राहिले. त्यांचा आवाज आला तेव्हा त्यात लोणी नव्हतं.

“विस्तव दिल्यावर ती बाहेर गेली, घर रिकामं आहे असं वाटलं होतं मला. वरून रोज विचारणा, गाव अजून उठलं का म्हणून. ती परत येऊन आत झोपली होती हे मला कसं कळावं? ते मी विसरत आणलं होतं. आणि हा पोरगा मला रोज म्हणायचा, भैयाजी, पुन्हा एकदा, ‘विस्तव देता का, आजी?’ पुन्हा एकदा.”

फौजदारांनी त्यांचा दंड धरला. दाराशी पोचल्यावर भैयाजी रंभाबाईपुढे थबकले. माफी मागतील असं मास्तरांना वाटलं. मास्तरांचा अंदाज नेहमीसारखाच चुकला.

“विस्तव तर हिनंच दिला,” भैयाजी म्हणाले. “हसत दिला.”

---

हुडकेश्वरच्या घरी पोचेस्तोवर दुपार कलली होती. देवकीनं आईला धरून आत नेलं. चुलीत निखारे होते. दोन दिवस देवकी जागली होती आणि विस्तव जागा होता.

रंभाबाई चुलीपुढे बसली. मास्तर आणि आनंदराव दारातच उभे राहिले. आपलं काम झालं, आता निघावं, असं दोघांनाही वाटत होतं, आणि निघवत नव्हतं.

“म्हनजे मी झाकला होता,” ती म्हणाली.

“झाकला होता, आत्याबाई. ओट्यावरच ठेवला होता. तुमच्या हातून काही झालं नाही.”

तिनं मान डोलावली. मग विचारलं, “कोळसा पेटवला तो विस्तव कोनता?”

आनंदराव खोटं बोलत नसत. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेले गोपाळराव मास्तर पुढे झाले.

“काडेपेटीचा, रंभाबाई. त्यानं काडेपेटीनंच पेटवला.”

तिनं मास्तरांकडे मायेनं पाहिलं. लहान मुलानं थाप मारली की आई पाहते, तसं.

“कोळसा काडीनं पेटत नाही, मास्तर.”

ती उठली, कोपऱ्यातल्या पाण्याच्या गुंडातून तांब्या भरून आणला आणि चुलीत ओतला. देवकी ओरडली. फस्सकन वाफ उठली, राख उडून तिच्या कपाळावर बसली. तिनं दुसरा तांब्या ओतला. मग तिसरा, अगदी निखारा काळा होईपर्यंत. मास्तरांना वाटलं, पुस्तकात तर चुली विझवायचं काम कारभाऱ्यांची माणसं येऊन करतात.

थोड्या वेळानं शेजारची कौसल्या दाराशी आली. ती सालईटोल्याचीच. हातात विस्तव न्यायला कवेलूचा, म्हणजे कौलाचा, तुकडा होता, रोजच्यासारखा.

“आत्या, विस्तव देतं का वं? चाय मांडाचा हाय.”

रंभाबाईनं फडताळात हात घातला आणि एक काडेपेटी काढून तिच्या कवेलूवर ठेवली.

“हे घेऊन जाय, माय,” ती म्हणाली. “आमच्या घरी विस्तव नाही.”